पालथ्या शिंपल्या आणि माझा चुकलेला बाण

माझ्या घरात देव्हाऱ्याखालच्या फळीवर एक दगड आहे. सोललेल्या नारळाएवढा, करडा, आत शिंपल्या रुतलेल्या. शिंपल्याही दगडाच्याच झाल्यात, नखाने निघत नाहीत. दगड कडेने पाहिला की त्या कमानीसारख्या दिसतात. तोच दगड उलटा ठेवला की वाट्यांसारख्या दिसतात. त्याच्यावर पांढऱ्या रंगाने एक नंबर आणि एक बाण काढलेला आहे. नंबर बरोबर आहे, बाण चुकीचा आहे. तो मी काढला. त्या बाणापायी एका शहाण्या माणसाचं अख्खं वर्ष पाण्यात जायला आलं होतं.

आमच्या वाचनालयाचा दिवाळी अंक काढणारी मुलं दोन वर्षं मागे लागली होती, ‘आजोबा, हिमालयातलं लिहा.’ मी टाळत होतो. मी चौथी शिकलेला माणूस, लिहिणं म्हणजे दगडावर नंबर घालण्यापुरतं. पण यंदा शिमग्याच्या आधी माझी बायको चांगुणा गेली. आता घरात भांडायलाही कोणी नाही. शिवाय या गोष्टीत एक नाव यायचं राहिलंय, ते माझ्याच्याने राहिलंय, ते घालायचं आहे. म्हणून बसलो.

मी मूळचा मिठागरातला. आमचा जिल्हा तेव्हा कुलाबा. स्वातंत्र्य मिळून आठ-दहा वर्षं झाली असतील. खाडीचं पाणी भरतीला आत घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात सोडायचं, उन्हाने घट्ट होत होत शेवटच्या वाफ्यात मीठ धरायचं, हे आमचं काम. ऐकायला सोपं आहे. पण वाफ्याची जमीन सपाट हवी. एका टोकाला बोटभर जरी उतार राहिला तरी पाणी तिकडे धावतं आणि इकडे नुसता चिखल तडकतो. त्यामुळे आमच्या लोकांचा डोळा उताराला फार पक्का. मला अक्षर वाचायला वेळ लागतो, उतार वाचायला लागत नाही.

एका हिवाळ्यात सरकारी दगडखात्यातले एक साहेब आले. त्यांचं नाव लिहीत नाही, घरच्यांना विचारलेलं नाही. चष्मा, हाफ पँट, कमरेला हातोडा. त्यांना सामान उचलायला माणूस हवा होता, मी गेलो. पहिल्याच दिवशी गावामागच्या डोंगरावर ते एक होकायंत्रासारखं चकतं दगडाच्या थरावर टेकवून बसले. बराच वेळ झाला तेव्हा मी म्हटलं, “सायेब, काय बघताय?”

“हा थर किती कललाय ते.”

“समुद्राकडं कललाय की. आमच्या वाफ्यात एवढा उतार असता तर मीठ एका कोपऱ्यात न् शेट दुसऱ्या कोपऱ्यात बसला असता.”

साहेबांनी चकत्यात पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. “किती असेल सांग.” मी हात आडवा धरून तळवा तेवढा कलवून दाखवला. त्यांनी चकतं माझ्या तळव्यावर ठेवलं आणि हसायला लागले. त्या दिवसापासून मी त्यांच्याबरोबर गेलो तो पुढे बरीच वर्षं.

खात्यात माझ्या कामाला खलाशी म्हणत. गावात सगळ्यांना वाटलं मी बोटीवर लागलो. चुलतभाऊ विचारायचा, “आफ्रिकेला जाऊन आलास काय रं?” मी सांगायचो, “नाय, माथेरानला.”

काम काय, तर तंबू ठोकायचा, सामान वाहायचं आणि दगडाचे नमुने काढायचे. नमुना म्हणजे मूठभर-दीड मूठ तुकडा. दगडाची वरची पावसाने कुजलेली साल टाकायची, आतला ताजा दगड घ्यायचा. त्याच्यावर नंबर घालायचा आणि बाण काढायचा. हा बाण महत्त्वाचा. दगड डोंगरात होता तेव्हा आभाळाकडे त्याची कुठली बाजू होती, ते बाण सांगतो. एकदा पिशवीत पडला की दगडाला ना वर ना खाली. म्हणून नियम असा, की आधी बाण, मग हातोडा.

आमचे डोंगर साहेबांनी मला घावनांच्या चवडीवरून समजावले. जमिनीच्या फटीतून तापलेला रस आला, पसरला, थिजला. त्याच्यावर दुसरा, त्याच्यावर तिसरा. मग पावसाने, नद्यांनी ती चवड कापली, उरले ते डोंगर. “म्हणजे सह्याद्री कोणी उभा केलेला नाही,” ते म्हणाले, “चवड कापून उरलेला आहे. हिमालयाचं तसं नाही. तो दाबून वर काढलाय.”

“कोणी दाबला?”

त्यावर साहेब मिठागरात उतरले. हंगामाआधी वाफ्यातला वरचा मऊ गाळ आम्ही लाकडी फावड्याने बांधाकडे लोटतो. त्यांनी माझ्या हातातलं फावडं घेतलं आणि बुटांसकट चिखलात उभं राहून ते सावकाश पुढे ढकललं. गाळाला आधी बारीक सुरकुती पडली. मग ती फुगली, तिच्यामागे दुसरी आली, पहिली दुसरीच्या अंगावर आडवी झाली आणि बांधाला टेकून छोटी डोंगररांगच उभी राहिली. हे मी लहानपणापासून बघत होतो आणि कधी बघितलं नव्हतं.

“बांध म्हणजे तिकडची, तिबेटची जमीन,” साहेब म्हणाले. “फावडं म्हणजे आपली जमीन, ही, तू उभा आहेस ती. दक्षिणेकडून आली. मध्ये समुद्र होता. त्याच्या तळाचा गाळ दगड झालेला होता, तो दोन्हींच्या मध्ये सापडला.”

“आणि फावडं कोण ढकलतंय?”

त्यांनी चष्मा काढून पुसला. चिखलाचाच हात लागला. “ते अजून कोणालाच नीट सांगता येत नाही. म्हणून तर माझे वरचे साहेब मला हसतात. म्हणतात, तुमची जमीन चालते तर तिला पाय दाखवा.”

घरी येऊन मी चांगुणाला सांगितलं, की आपण सगळे उत्तरेकडे चाललोय, जमिनीसकट. ती मासे साफ करत होती. म्हणाली, “बसल्या बसल्या?”

“व्हय.”

“तरीच दिसभर अंग दुखतं.”

चांगुणाचं माहेर रेवदंड्याच्या खाडीवर, चौलच्या अलीकडे. ओहोटीला चिखलात जाऊन शिंपल्या काढणं हा तिथल्या बायकांचा रोजचा उद्योग. लग्नाच्या पहिल्या वर्षी मी हौसेने तिच्याबरोबर गेलो होतो आणि दहा पावलांत पाय कापून घेतला. तेव्हा तिने मला शिकवलं. “अवो, खाली बघून चाला. पाण्यानं टाकलेली शिंपली पालथी पडते. लाट उताणीला ऱ्हाऊ देत नाय, फिरवून पालथी करते. तिच्यावर पाय पडला तर लागत नाय. उताणी दिसली का समजायचं, माणसानं फोडून टाकलीय. तिची धार वर असते. आणि तिथं कोणीतरी आधीच येऊन गेलंय, खाली हात घालण्यात अर्थ नाय.” मी त्यानंतर कधी शिंपल्या काढायला गेलो नाही. पण हे लक्षात राहिलं.

पुढल्या उन्हाळ्यात साहेबांना हिमालयात काम मिळालं. मला म्हणाले, “येतोस का?” चांगुणा म्हणाली, “समुद्र सोडून समुद्र बघायला हिमालयात चाललेला माणूस पयलाच.” पण वळकटी तिनेच बांधली. त्यात सुकटीची पुडी घातली, ती शिमल्यापर्यंत आगगाडीच्या सगळ्या डब्याला पुरून उरली, वासाने.

शिमल्याच्या पुढे तेव्हा खेचरांची वाट. पंधरा-वीस दिवस चाललो. झाडं संपली, मग झुडपं संपली, मग नुसता दगड. मी समुद्रसपाटीचा माणूस, दोन पावलं टाकली की छाती भात्यासारखी व्हायची. खेचरवाला तिथलाच, दोरजे नावाचा. मला तो ‘समुंदरवाला’ म्हणायचा. त्याने समुद्र पाहिलेला नव्हता. पण दगडातल्या शिंपल्या त्याला लहानपणापासून ठाऊक. एकदा मी त्याला म्हटलं, “हमारे यहाँ ये जिंदा होती है. पानी में. हम लोग खाते हैं.”

तो खाली बसून हसला. “पत्थर खाते हो?”

मी त्याला कितीही सांगितलं तरी शिंपली दगडातच वाढते हे त्याचं मत हललं नाही. त्याच्या जागी तो बरोबर होता. मी त्या कड्यावर हात ठेवून उभा होतो आणि मलाही आपली खाडी खोटी वाटत होती. चारी बाजूंना बर्फ आणि हाताखाली आमच्या चांगुणाची टोपली.

साहेबांना तिथे एकच गोष्ट सिद्ध करायची होती. त्या डोंगरात खालून वर जाताना जे थर लागतात, तेच थर पुढे वर पुन्हा लागतात, पण उलट्या क्रमाने. साहेबांचं म्हणणं, हा एकच थरांचा गठ्ठा आहे, दाबाने त्याची घडी पडलीय आणि घडीचा वरचा पदर पुरता उलथलाय. वरचे साहेब म्हणत, इतका मोठा डोंगर उलथतो कसा, तुम्ही थर ओळखण्यात चुकताय. हंगाम संपताच साहेबांनी त्यांच्यापुढे नमुने मांडायचे होते. नमुन्यांनी साथ दिली नाही तर त्यांचं तिकडचं काम बंद होणार होतं. हे त्यांनीच मला सांगितलं होतं, लपवाछपवी त्या माणसाला येत नसे.

आणि नेमका त्यांचा पाय मुरगळला. खालच्या पदराचे नमुने त्यांनी स्वतः घेतले होते. वरची भिंत राहिली होती. घोटा सुजून भोपळा झाला, तेव्हा मला म्हणाले, “गणू, तू आणि दोरजे जा. दर थराचा एक नमुना. आणि आधी बाण.”

“व्हय सायेब.”

गेलो. वर वारा असा की डोळ्यांतलं पाणी गालावर यायच्या आधी वाळत होतं. रंगाची डबी उघडली तर रंग थंडीने खरवसासारखा झालेला. ब्रश फिरेना, बोटं वळेनात. दोरजे म्हणाला, “जल्दी करो समुंदरवाला, मौसम बिगड़ेगा.” मी विचार केला, दगड काढून घेऊ, बाण खाली उन्हात बसून काढू. आठ-नऊ नमुने काढले, पिशवीत भरले.

खाली उन्हाला येऊन ते मांडले तेव्हा माझी पाचावर धारण बसली. कुठली बाजू वर होती? एकाचंही आठवेना. मग कडेने पाहिलं, आत शिंपल्या. आणि मला चांगुणा आठवली. पाण्याने टाकलेली शिंपली पालथी. म्हणजे कमानीची बाजू वर. झालं! एकेक दगड उचलला, शिंपल्या पालथ्या केल्या आणि बाण काढला. इतकी अक्कल आपल्याला सुचली म्हणून वाटेत दोरजेला एक विडी जास्त दिली.

संध्याकाळच्या उजेडात साहेबांनी एकेक नमुना बाणाप्रमाणे धरला आणि कडेने पाहिला. पहिला पाहिला, दुसरा पाहिला. सगळे संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून पाहिले. मग हळूच खाली ठेवले.

“काय झालं सायेब?”

“सगळ्या पालथ्या आहेत, गणू. वरच्या भिंतीतपण. थर उलथला असता तर उताण्या दिसायला हव्या होत्या.” मग म्हणाले, “घडी नाही. वरचे साहेब बरोबर आहेत.”

मला त्याच क्षणी कळलं. तोंड उघडायला हवं होतं, उघडलं नाही. दोन दिवस उघडलं नाही. नोकरी जाईल ही भीती होतीच, पण त्याहून जास्त लाज होती. एवढ्या लांब, डोळा पक्का म्हणून आणलेला माणूस मी, आणि बाण काढता आला नाही. दोन दिवस साहेब जेवले नाहीत. जुनी वही काढून पानं उलटत बसायचे. तिसऱ्या सकाळी दोरजेने परतीसाठी खेचरांवर सामान चढवायला घेतलं. नमुन्यांची पेटी उचलायला तो वाकला आणि मी तिच्यावर जाऊन बसलो.

“गणू, ऊठ.”

“सायेब, बाण मी वर काढले नाहीत. खाली येऊन काढले.”

“कशावरून काढलेस?”

“शिंपल्यांवरून. त्या पालथ्या असतात म्हणून तशा धरल्या.”

साहेबांनी हातातली वही मिटली. मग म्हणाले, “म्हणजे तू आधी उत्तर लिहिलंस आणि मग गणित घातलंस.”

“व्हय.”

मला वाटलं हातोडा फेकून मारतील. त्यांनी काठी मागितली. दोरजे आभाळाकडे बोट दाखवून ओरडायला लागला, “बरफ आएगा साब, पागल हो क्या!” साहेब खेचरावर बसले. जिथे खेचराची वाट संपली तिथून मी त्यांना पाठीवर घेतलं. मिठाचं पोतं वाहिलेली पाठ होती, पण पोतं ‘सावकाश रे, सावकाश’ म्हणत नाही.

भिंतीपाशी त्यांना उतरवलं तर त्यांनी डोळे मिटून घेतले. म्हणाले, “तूच बघ आणि सांग.”

मी तोंड दगडाला लावून पाहिलं. वाट्या. सगळ्या वाट्या, एकावर एक, जशा जेवणानंतर बायका घासायला टाकतात. “उताण्या हायेत, सायेब. एकूण एक.”

त्यांनी डोळे उघडले, हात फिरवला आणि तिथेच बसले. मग मी मान वर केली आणि पलीकडचा कडा पाहिला. ऊन तिरकं झालं होतं. त्या उन्हात कड्यावरच्या रेघा स्पष्ट दिसत होत्या. डावीकडून येतात, उजवीकडे जातात, तिथे गोल वळतात आणि वरच्या अंगाने परत डावीकडे येतात. अख्खा डोंगर, आमच्या वाफ्यातल्या गाळासारखा, स्वतःच्या अंगावर आडवा झालेला. इतके दिवस आम्ही त्याच्या घडीच्या पोटात फिरत होतो.

दोरजेनेही पाहिलं. त्याचा आरडाओरडा थांबला. म्हणाला, “साब, पत्थर मुड़ा तो टूटा क्यों नहीं?”

साहेबांनी खिशातून गुळाचा खडा काढला. “हा हातोड्याने मारला तर फुटेल. उन्हात ठेवून बोटाने दाबला तर वाकेल. दगडाचं तसंच. खोल जमिनीत, तापलेला, आणि दाबणाऱ्याला घाई नाही.” मग गुळाचे तीन तुकडे करून आम्हाला वाटले.

आधी बाण काढले, मग नवे नमुने घेतले. या वेळी रंगाची डबी मी पोटाशी, कपड्यांच्या आत धरली होती. उतरताना बर्फ लागलाच, पण उतरलो. वाटेत साहेबांनी विचारलं, “पालथ्या शिंपलीचं तुला कोणी शिकवलं? ते आम्हाला पुस्तकातून शिकावं लागतं.”

मी म्हटलं, “आमच्या दर्याकाठी सगळ्यांना ठाऊक असतं.”

हे खोटं होतं. मिठागरातल्या एकाही गड्याला ते ठाऊक नव्हतं. पण बायकोकडून शिकलो म्हणायला तेव्हा जीभ वळली नाही.

वरच्या साहेबांनी नमुने मान्य केले. साहेबांचा अहवाल इंग्रजीत छापून आला. शेवटी एक ओळ होती, ती त्यांनी मला वाचून दाखवली, की शिंपल्यांची बाजू ओळखण्यात खलाशी अमुक याची मदत झाली. चुकीच्या बाणाचा एक दगड त्यांनी मला दिला. “ही तुझी चूक, घरी ने.”

घरी आणला. चांगुणाने तो हातात घेऊन वास घेतला. समुद्राचा वास येत नाही म्हणून नाराज झाली. मी तिला सगळं सांगितलं. ऐकून झाल्यावर ती पदराने शिंपल्या पुसत म्हणाली, “मंग हे मीच सांगितलेलं ना? सायबानं माझं नाव लिवलं का कागदात?”

ती मस्करीत म्हणाली होती. मी म्हटलं, “लिवलंय.”

तिचा चेहरा जो झाला, त्यानंतर मला मागे फिरता आलं नाही. रेवदंड्याच्या खाडीवर सगळ्या बायकांना सांगून आली. पुढे नातू भूगोलाचं पुस्तक घेऊन तिच्यापाशी बसला. त्यात चित्रासकट छापलंय, की आपली जमीन तिबेटच्या जमिनीवर आदळली आणि अजून दाबतेय, खालच्या तापाने सरकतेय. माझ्या साहेबांना जो फावडं ढकलणारा सापडला नव्हता, तो आता शाळेच्या पुस्तकात आहे. साहेब ते बघायला नाहीत. नातू म्हणाला, “आजी, तुझं नाव कुठाय?” ती म्हणाली, “ते सरकारी कागदात, विंग्रजीत. तुला काय कळणार.” मी खाली मान घालून जेवत होतो.

दगडावरून मात्र आमचं आयुष्यभर भांडण. मी तो डोंगरात होता तसा ठेवायचो, शिंपल्या उताण्या. ती केर काढताना पालथा करायची. मी म्हणायचो, “चांगुणे, अगो तो तिथं तसाच होता. तीच तर गंमत.” ती म्हणायची, “तिथं असंल. दाबला म्हणून उलथला बिचारा. माझ्या घरात कोण दाबतंय त्याला?” मी उलटा करायचो, ती सुलटा. चाळीस वर्षांवर हे चाललं.

ती गेली त्या दिवसापासून दगड मी ठेवला तसाच राहिला. कोणी फिरवत नाही. धूळ बसली.

तर लिहितो. हिमालयाच्या त्या भिंतीतली घडी ज्या ज्ञानाने सापडली, ते चांगुणाचं. खाडीत, चिखलात, अनवाणी मिळवलेलं. अहवालात माझं नाव आहे ते चुकीचं आहे. आता हे छापलं जाईल, मग मी तिला सांगितलेलं एवढं तरी खोटं राहणार नाही. सरकारी कागद नाही हा, गावचा अंक आहे. ती म्हणाली असती, मराठीत आहे ते बरं झालं.

आज सकाळी केर मीच काढला. दगड पुसला आणि तिच्यासारखा पालथा ठेवला. तेव्हा पाहिलं, असा ठेवला की माझा बाण आभाळाकडे जातो.